तिसऱ्या कडव्यापाशी

साल्वादोर, ब्राझील
८ जून १९९२

चि. झुलाल, अक्काचे आशीर्वाद.

काल, रविवारी ७ जूनला, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी तुझा खोटेपणा मला भर सभागृहात कळला.

आमचा जावई रेनातो इथल्या जुन्या ढोलांना इलेक्ट्रिक गिटारची जोड देऊन गाणी करतो. काल त्याच्या कार्यक्रमात अचानक आपल्या आईचा आवाज आला. कानबाई देवीचं गाणं! मला न विचारता तू त्याला कॅसेट पाठवलीस, तेही एक वेळ सोडते. पण तिसऱ्या कडव्यापाशी आई थांबली. मागून तुझी बायको म्हणाली, "माय, पुढचं म्हना ना." आई म्हणाली, "कोनतं गानं वं?"

रेनातोला तो गाण्याचाच भाग वाटला. त्याने ते शब्द ढोलाच्या तालावर पुन्हा पुन्हा वाजवले. लोक नाचत होते. मी खुर्ची घट्ट धरून बसले.

आपल्या सावदा गावातल्या निम्म्या बायकांना ते गाणं आईनेच शिकवलं. आणि तू दर पत्रात लिहितोस, "आई ठणठणीत!"

मी बरी आहे. नाती वरण-बट्टी आवडीने खातात. तुझा गुडघा कसा आहे?

आई मला ओळखेल का? गोड बोलणं पुरे. खरं उत्तर ३१ जुलैच्या आत लेखी हवं.

तुझी अक्का