तिसऱ्या मजल्यावरचा आमचा संसार

आदरणीय मामूजान,

अस्सलामु अलैकुम. तुमचा डावा गुडघा, मामीची साखर आणि मांजरीची पिल्लं, सगळे अल्लाहच्या कृपेने ठीक असतील अशी आशा आहे. (पिल्लं एव्हाना मोठी झाली असतील. मागे मांजर व्यायली म्हणून तुमचं येणं राहिलं होतं, म्हणून विचारतो. टोमणा नाही.) इकडे आम्ही खुशाल आहोत. अब्बांची नवी कवळी मीच केली, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला आता कसलाच अडथळा राहिलेला नाही. तुम्ही फोन करता पण आलेला फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. घाई काही नाही, सवडीने वाचा, मात्र शक्यतो दिवसाउजेडी वाचा आणि जवळ कुणीतरी असू द्या.

माझी सोयरीक ठरून साडेतीन वर्षं झाली, हे तुम्हाला माहीत आहेच. ठरली तेव्हा मी एकतीसचा होतो, आता पस्तिशीला टेकलोय. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. (तिला इथे मी औषधवाली म्हणतो. ती औषधाच्या दुकानात असते हे खरंच, पण होणाऱ्या बायकोचं नाव मामूंना लिहिताना हात अडखळतो हेही खरं.) मुलगी पसंत, मुलगा पसंत, मेहेर ठरलेला, तिच्या वडिलांची संमती. अडलं कुठे, तर अम्मीच्या शब्दावर. डोळे मिटण्याआधी तिने अब्बांचा हात धरून सांगितलं होतं, माझा भाऊ आल्याशिवाय पोराचा निकाह लावू नका. तेव्हापासून आम्ही तुमची वाट बघतोय. आधी तुमचा गुडघा आला, तेव्हा अब्बा म्हणाले, मामू येईपर्यंत पोराच्या संसारासाठी घेतलेल्या घरात कपाट तरी करून घेऊ. मग तुमचं छप्पर गळायला लागलं, आम्ही गीझर बसवला आणि चार खुर्च्यांचं टेबल आणलं. मग मांजर व्यायली, आम्ही पडदे शिवले. आता तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात राहणारी माणसं सोडून काही म्हणजे काही कमी नाही. दोन किल्ल्या आहेत, एक माझ्याकडे, एक अब्बांच्या गळ्यात.

दर रविवारी मी तिच्या घरी तासभर जातो. दोघांनी एकटं बसायचं नाही हे आम्हाला मान्य आहे, म्हणून मधे तिच्या आईची बहीण, तिची खाला, बसते. पण खालाने हा नियम फारच मनावर घेतलाय. मी काही बोललो की ती मान वळवून तेच तिला सांगते, तिचं उत्तर मान वळवून मला सांगते, आणि आम्ही तिघंही एकाच सतरंजीवर असतो. तीन वर्षांत औषधवाली माझ्याशी थेट एक वाक्य बोललेली नाही. हसते मात्र थेट. वरच्या ओळीत सुळ्याशेजारचा तिचा एक दात किंचित आडवा आहे, तो फक्त हसल्यावर दिसतो. मी दिवसभर दुसऱ्यांचे सरळसोट दात मेणात बसवत असतो, त्यामुळे हा एक आडवा दात मला आठवडाभर पुरतो. (हे मामीला वाचून दाखवू नका.)

तर दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी मी प्लास्टरचा साचा घासत बसलो होतो आणि आमच्या त्या घराच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई माझ्या कामाच्या जागी आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, छत्रीसुद्धा शिस्तीत मिटतात. त्यांनी आधी निकाहाचं अभिनंदन केलं, मग बोलावलं नाही म्हणून रागावल्या, आणि मग आखीव कागदावर लिहिलेली तक्रार पुढे ठेवली. तुमची बायको रोज दुपारी दोन वाजता खुर्ची ओढते, तिच्या पायांना रबर लावा. मी म्हणालो, बाई, घर बंद आहे, निकाह व्हायचाय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की गृहपाठ न केल्यासारखं वाटलं. म्हणाल्या, घर बंद असेल तर मग हसतं कोण? मला गंमत वाटली. आणि गंमत वाटली म्हणून, अक्कल गहाण टाकून, मी ती त्या रविवारी सतरंजीवर सांगितली.

खाला हसली. औषधवाली हसली नाही. तिने खालाकडे बघत विचारलं, त्यांना विचारा, हसणारी बाई कोण? खालाने मान वळवून मला विचारलं. मी म्हणालो कुणी नाही. खालाने मान वळवून सांगितलं, कुणी नाही म्हणतोय. मग किल्ल्या किती, कुणाकडे, दुपारी दोनला मी कुठे असतो, अशी चौकशी खालाच्या मानेवरून तासभर चालली. मामू, ती मुदत संपलेल्या गोळ्या रोज शोधून वेगळ्या काढते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. पुढचे तीन रविवार ती बाहेर आली नाही. खालाने एकदा निरोप आणला की तिने वडिलांकडे विचारणा केलीय, सोयरीक मोडायची तर कसं कळवायचं. त्या रात्री मला झोप नाही आणि दुसऱ्या दिवशी एका सद्गृहस्थाची खालची कवळी मी वरची म्हणून दिली.

शेवटी इमामसाहेबांकडे गेलो. (तेच बुटके, ज्यांच्याकडे तरुण पोरं लग्नाचं विचारायला गेली की ते आधी चहा पाजतात.) त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, संशय मनात आला तर त्याला खतपाणी घालू नये आणि कुणावर पाळत तर मुळीच ठेवू नये. तेव्हा फटीतून डोकावू नकोस, दारापाशी लपूनही बसू नकोस. आत कुणी राहत असेल तर त्यांचा मान ठेव, तीनदा सलाम करून परवानगी माग, मिळाली तर आत जा, नाही मिळाली तर निमूट परत फीर. आणि मग जरा आवाज चढवून म्हणाले, मनासारखी जोडी जुळल्यावर ती साडेतीन वर्षं ताटकळत ठेवायची नसते. निकाहाला दोघांची रजामंदी लागते, वली म्हणून मुलीचा बाप लागतो, साक्षीदार लागतात, मेहेर लागतो. गीझर लागत नाही. मी म्हटलं, अब्बा म्हणतात अल्लाहवर भरोसा ठेवा, होईल वेळेवर. ते म्हणाले, भरोसा त्याच्यावर टाकायचा, आपलं काम त्याच्यावर टाकायचं नाही.

मी दुपारी दोनला तिसऱ्या मजल्यावर गेलो. कुलपाला दोन वेढे होते तसेच होते. आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी पहिला सलाम केला, आवाज थांबला. दुसरा केला, सपाता फटफटत दारापर्यंत आल्या आणि आतल्या बाजूला थांबल्या. तिसरा मी केला म्हणजे ओठ हलवले, आवाज काही फुटला नाही. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं, थकलेल्या माणसासारखा. दोघांच्या मधे बोटभर जाडीची फळी. किल्ली माझ्या मुठीत होती, घर माझ्या नावावर होतं, आणि परवानगी मिळाली नाही म्हणून मी नियमाप्रमाणे परत फिरलो. जिन्यात मुख्याध्यापिका उभ्या होत्या. भेटल्या का, म्हणाल्या. मी म्हणालो, नाही, त्या कामात आहेत. असं का म्हणालो ते मला आजवर कळलेलं नाही.

हे खालाच्या मानेवरून औषधवालीपर्यंत पोचलं, तेव्हा तिने निरोप पाठवला की ती स्वतः येणार. मग गेल्या आठवड्यात आमची वरातच निघाली: ती, खाला, इमामसाहेब, अब्बा गळ्यातल्या किल्लीसकट, मागे मी, आणि पहिल्या वळणावर मुख्याध्यापिका सामील झाल्या. त्यांनी वर चढता चढता सांगितलं की सुरुवातीला नवं जोडपं वाटायचं, हसणं-खिदळणं फार, म्हणून त्या वर्षभर गप्प बसल्या. आता मात्र दोघं म्हाताऱ्यांसारखी चालतात आणि पुरुष खोकतो. तुमचे कुणी वडीलधारे येऊन राहिलेत का, असं त्यांनी मलाच विचारलं. अब्बा पुटपुटले, जिन्न असतील. इमामसाहेब धापा टाकत म्हणाले, चार खुर्च्यांचं टेबल जिन्नांनी मागितलेलं मी ऐकलेलं नाही.

दारापाशी औषधवालीने सलाम केला. पहिल्याच सलामाला आतून उत्तर आलं, सलाम आणि त्याच्यापुढे, दार उघडंच आहे. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. खालाचा चेहरा पांढराफटक पडला. तीन वर्षं ती भाचीचं एकेक वाक्य झेलून माझ्याकडे टाकत आलीय, आवाज तिच्याइतका कुणाला ठाऊक? ती म्हणाली, अगं, हे तूच बोललीस ना? अब्बांनी दाराला हात लावला आणि दोन वेढ्यांचं कुलूप लावलेलं ते दार नुसतं उघडलं.

आत कुणी नव्हतं. पण मामू, घर वापरलेलं होतं. तीन महिन्यांपूर्वी लावलेले पडदे उन्हाने विटून गेले होते. कोचाच्या दोन जागा दबलेल्या, तिसरी कोरी. नमाजाची दोन जानमाजं, दोन्ही गुडघ्यांच्या जागी झिजलेली. अब्बांनी सगळीकडे नजर फिरवून जाहीर केलं की पडदे बदलावे लागतील, तोवर निकाहाचं पुढे बघू. त्यावर इमामसाहेब त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत राहिले ती मी तरी मशिदीत कधी पाहिली नव्हती. मी तोंडावर पाणी मारावं म्हणून बेसिनपाशी गेलो. तिथे फळीवर काचेच्या पेल्यात एक कवळी होती आणि पाण्यात स्वच्छ करायची गोळी अजून फसफसत होती. म्हणजे गोळी टाकून मिनिटही झालं नव्हतं. औषधवाली माझ्या मागे आली होती. ती म्हणाली, ही गोळी आमच्याच दुकानातली. खाला मधे नव्हती, मामू. ती माझ्याशी बोलली होती.

मी कवळी उचलली. टाळूच्या बाजूला, कडेला, सुईने दिलेला बारीक ठिपका होता. ती माझी खूण, गावात दुसरं कुणी तसा ठिपका देत नाही. गुलाबी रंग उतरलेला, दाढा घासून सपाट झालेल्या, पंधरा-वीस वर्षं तरी वापरलेली. आणि वरच्या ओळीत सुळ्याशेजारचा दात किंचित आडवा बसवलेला. आडवा दात कुणी मागत नाही. गिऱ्हाईक सरळ दात मागतं. असा दात बसवायचा तर करणाऱ्याला तो आडवा हवाहवासा वाटलेला असावा लागतो. औषधवालीचा हात आपोआप तोंडाकडे गेला. मग तिने विचारलं, हे तुम्ही कधी केलंत? मी म्हणालो, अजून केलेलं नाही.

ती स्वतःचीच सवत निघाली, यावर नंतर खाला पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता रडली. मला हसू आलं नाही. भीती वाटली असं म्हणेन तर तेही पुरतं खरं नाही. मला हेवा वाटला. आमचा संसार आमची वाट बघून कंटाळला आणि आमच्याशिवायच सुरू झाला. त्याचं हसणं होऊन गेलं, भांडणं होऊन गेली असतील, तारुण्य वापरून झालं, आणि आम्ही अजून सतरंजीच्या दोन टोकांना बसलोय. अब्बा कोचाच्या कोऱ्या जागेवर बसले आणि म्हणाले, मला दिसतंय रे सगळं, पण तुझ्या आईला दिलेला शब्द मी कसा मोडू? पहिल्यांदाच त्यांनी पडद्यांचं नाव काढलं नाही. इमामसाहेब म्हणाले, शब्द भावाबद्दलचा आहे, भावानेच मोकळं केलं तर तो मोडत नाही.

बाकी सगळं ठीक. मामीला सलाम सांगा. तुमच्या सवडीने, गुडघ्याला झेपेल तेव्हा, जरूर या.

तुमचा भाचा

ता. क. वर जरूर या लिहिलं ते सवयीने. येऊ नका. अजिबात येऊ नका. निघायचं ठरवलंत की तुमच्याकडे काहीतरी व्यायला लागतं. फक्त अब्बांना फोन करा आणि सांगा की बहिणीचा शब्द मी मोकळा करतो, माझी वाट बघू नका. निकाह येत्या शुक्रवारी, असरच्या नमाजानंतर, तिच्या वडिलांच्या बैठकीच्या खोलीत. साक्षीदार ठरलेत. याच एका कामासाठी एवढं लांबलचक पत्र लिहिलं, रागावू नका.

ता. क. २. तिने सोयरीक मोडायचं वडिलांकडे पुन्हा काढलेलं नाही. परवाच्या रविवारी ती सतरंजीवर आली आणि खालाला म्हणाली, तू जरा बाजूला सरक, इथेच बस, पण बाजूला. हे पत्र टपालात टाकायला मी तिच्याकडेच पाठवतोय, टपालपेटी तिच्या दुकानासमोर आहे.

मामूजान, सलाम. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून या चार ओळी माझ्या. खालच्या बाई आज दुकानात येऊन गेल्या. तक्रार नव्हती, नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, आम्ही वर जाऊन आलो त्या दिवसापासून खोकणं बंद आहे. खुर्ची दोन वाजता ओढली जाते, पण चालणारं माणूस आता एकच आहे. बाई. यांना मी हे सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. पत्र वाचून झालं की बसू नका, उभ्याउभ्याच अब्बांना फोन लावा.