गुलाबी दही

ती. आईस,
रागावलेल्या सरिताचा नमस्कार. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून कागदावर लिहिते.

मंगळवारी इथे बंगळुरात माझी मुलाखत होती. निघताना कोपऱ्यावरच्या दुकानात दही मागितलं, तर साधं संपलेलं. स्ट्रॉबेरीचं घ्यावं लागलं. रस्त्यात उभी राहून चमचाभर तळहातावर घेतलं आणि चाटलं. गुलाबी, गुळचट, वर अत्तरासारखा वास! दुकानदार बघतच राहिला.

धाकटा विक्रम एरंडोलहून नुसता जळगावला परीक्षेला निघाला, तरी तू त्याच्या हातावर दही-साखर ठेवतेस. मी एवढ्या लांब निघाले, तेव्हा “दही सरी गयं” म्हणत संपल्याचं सांगितलंस. पाणी प्यायला फ्रीज उघडला, तर दह्याचं भांडं काठोकाठ भरलेलं! मुलीने जाऊ नये असं वाटत होतं, तर तोंडावर सांगायचं होतंस.

नोकरी लागली, आई. जेवण बरं आहे. नानांचा गुडघा कसा आहे?

दिवाळीला चार दिवस येते. परत निघायच्या आदल्या दिवशी विरजण लाव. हातावर दही पडल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही, मग नोकरी गेली तरी चालेल.

तुझ्यासारखीच हट्टी,
सरिता