उतरलेला तंबोरा

बाबा,

पाया पडते, पण डोकं अजून तापलेलंच आहे.

पाहुणे प्राध्यापक आज संगीताचा इतिहास सांगायला आले आणि तासभर उतरलेला तंबोरा छेडत बसले. पंचम ढळढळीत खाली, तरी सगळे माना डोलावताहेत! मधल्या सुट्टीत मीच तो गुपचूप जुळवला. तर परत येऊन म्हणतात कसे, "बघा, माझा हात लागला की वाद्य कसं खुलतं!"

मी विचारलं, "वाद्यं लावणाऱ्यांचं नाव इतिहासात कुठे येतं?" म्हणाले, "कारागिरांचा कसला आलाय इतिहास?" वाद्यांच्या दुकानातली तुमची चाळीस वर्षं एका वाक्यात पुसली!

जेवते वेळेवर, आईला सांगा. कानांबद्दल डॉक्टर काय म्हणाले? ऐकू येईनासं झालं म्हणून दुकान बंद करायचं नाही, सांगून ठेवते. तुमचे कान माझ्याकडे आहेत. सुट्टीत घेऊन येते.

तुमची चिडकी