मोगराला आत घेतलं, त्याची हकीकत

मानपाडा, डोंबिवली पूर्व
संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार

तीर्थरूप भगवानमामांस,

दौलतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पत्र शालन वाचून दाखवणार हे धरूनच लिहितोय, म्हणून अक्षर मोठं काढलंय आणि तुमच्या सूनबाईसाठी मध्ये मध्ये कंसात सूचना दिल्यात. त्या मोठ्यानं वाचायच्या नाहीत. (शालन, ही पहिली.) मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं हे कळलं, बरं वाटलं. डोळा चोळू नका आणि बागेतल्या धुरात जाऊ नका. तुमच्या निफाडला पारा चारावर उतरला म्हणून बातम्यांत द्राक्षाच्या पानांवरचा बर्फ दाखवत होते, आणि शेजारी कानटोपीतला एक म्हातारा उभा होता. शेवंती म्हणाली, अहो, हे मामाच. मी म्हटलं, मामा असते तर बर्फाकडे बघत उभे राहिले नसते, वेलींना ऊब मिळावी म्हणून शेकोट्या पेटवत फिरले असते. तरी तुम्हीच असाल तर कळवा, आमची पैज लागलीय.

तुम्ही गेल्या आठवड्यात तीनदा फोन केलात आणि संचितानं तिन्ही वेळा सांगितलं की बाबांचा मोबाईल बिघडलाय. मोबाईल बिघडलेला नाही. पोरीला खोटं बोलायला मीच लावलं. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्याला तुम्ही 'हां हां, बरं बरं' म्हणता. मला जे सांगायचंय त्याला तुम्ही चुकून 'बरं बरं' म्हणाला असतात, तर ते मला सहन झालं नसतं. म्हणून पत्र.

आता आमच्याकडच्या थंडीबद्दल. तुमच्यासमोर तिला थंडी म्हणायलाही लाज वाटते. त्या आठवड्यात पारा तेरावर आला. तेरा! तर सगळं मानपाडा हिमालयात गेल्यासारखं वागायला लागलं. समोरच्या टॉवरचा वॉचमन एकावर एक दोन स्वेटर घालून वर कांबळं पांघरून बसायचा, आणि गाडी आली की त्या गुंडाळ्यातून हात बाहेर काढेपर्यंत गाडीवाला स्वतःच उतरून गेट उघडायचा. तिथल्या एका कुत्र्याला लोकरीचे मोजे घातलेले, चारही पायांत. ते गुळगुळीत फरशीवर घसरत घसरत फिरायला निघायचं. आणि या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, रस्त्यापलीकडे, माझ्या आवारात विलायती शिरीषाखाली मोगरा आणि साखर, माझ्या दोन्ही घोड्या, उघड्यावर उभ्या. आता 'उघड्यावर' म्हणजे तुम्ही पाहिलंय तसंच: चार खांबांवर पत्रा, उत्तरेला कंपाउंडची भिंत, खाली कोरडी जमीन. गेली पंधरा वर्षं त्या तिथंच उभ्या राहतायत (साखर सहाच, पण तिच्या वाट्याचीही मोगरा उभी होती असं धरा).

त्या टॉवरमध्ये दुसऱ्या मजल्यावर उत्तरा मॅडम राहतात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त. बाई वाईट नाहीत. (हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच वाईट लिहिणार आहे.) त्यांनी गॅलरीतून मोगराचा व्हिडिओ काढला. अंगावर माशी बसली की घोडी कातडं थरथरवते, एवढंच त्यात होतं. पण कोणीतरी त्याच्याखाली बासरी घातली आणि तो व्हिडिओ टॉवरच्या ग्रुपवर 'थंडीने कुडकुडणारा मुका जीव' म्हणून फिरला. मग मतदान झालं: घोड्या आत घ्याव्यात की बाहेर ठेवाव्यात? आत एक्केचाळीस, बाहेर सहा. घोड्या माझ्या, आणि मी त्या ग्रुपवर नाही! ते सहा कोण हे मला अजून कळलेलं नाही. कळले तर एकेकाच्या घरी जाऊन पाया पडेन.

तेव्हा मी तुम्हाला फोन केलेला, आठवतोय ना? मी म्हटलं, मामा, पारा तेरावर आलाय. तुम्ही विचारलं, "जागा कोरडी आहे?" आहे. "वाऱ्याला आडोसा?" भिंत आहे. "चारा, पाणी?" पोटभर. "मग तू गोधडी घेऊन झोप. त्यांची त्यांच्या अंगावर आहे." आणि तुम्ही फोन ठेवलात. चार डिग्रीत बाभळीखाली घोडी बांधणारा माणूस सांगतोय ते ऐकावं, एवढीच अक्कल लागत होती. पण संध्याकाळी टॉवरमधले सातजण गोधड्या घेऊन आले. एकजण म्हणाला, तक्रार करावी लागेल. दुसरा म्हणाला, आमच्या पुतण्याच्या वरातीला तुम्हालाच सांगणार होतो, पण आता बघू. पौष होता, महिनाभर लग्नं नव्हती, घोड्या नुसत्या उभ्या होत्या, आणि मला पुढचा माघ दिसायला लागला. दौलत घोड्यांना छळतो, असं एकदा या भागात झालं की झालं.

मग मी मागची खोली रिकामी केली. बग्गीचं सामान ठेवतो ती, पत्र्याची. बग्गी बाहेर काढली (तिला थंडी वाजते का, हे कोणी विचारलं नाही). खिडक्यांना तावदानं नाहीत, म्हणून कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचे जुने फ्लेक्स आणून ठोकले. आतून बघितलं की तीन भिंतींवरून भाऊ हात जोडून हसतायत. साखर शहाण्यासारखी आत गेली. मोगरा दारात थांबली. पुढचे दोन्ही पाय रोवले आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. मी लगाम ओढला, मागून वॉचमननं रेटलं, टॉवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ती आत गेली. पंधरा वर्षांत मी तिला कशासाठी रेटलं असेल तर ते हेच.

(शालन, इथं थांब. त्यांना पाणी दे. खाटेवर नीट टेकून बसव.)

मामा, चार रात्री आणि चार दिवस मी त्यांना कोंडून ठेवलं. दिवसासुद्धा, कारण दिवसाही वारा होता आणि गॅलऱ्याही होत्या. आत मुताचा वास एवढा कोंदला की माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी ते थंडीचं धरलं. संक्रांत होती, टॉवरच्या बायका हळदीकुंकवाच्या वाटेवर तीळगूळ, बाजरीच्या भाकऱ्या, डिंकाचे लाडू आणून द्यायच्या. गरम पडतं म्हणे. मोगरा माणसाळलेली, कोणाच्या हातातलं नाकारायची नाही. फिरणं बंद, पाणी गार म्हणून तोंड लावून सोडून द्यायची, आणि पोटात हे सगळं. बादली संध्याकाळी भरलेली तशीच सकाळी दिसायची. मी ती पाहायचो, ओतायचो, नवी भरायचो. पाहायचो मामा. कोणी मला विचारलं की तुझ्या लक्षात आलं नाही का, तर मी काय सांगू? आलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मोगरा पुढच्या पायानं जमीन खरवडत होती आणि सारखी मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. मग बसली, मग लोळली. अंगाला घाम, त्या थंडीत. कल्याणहून डॉक्टर सुश्रुत आले, तरुण आहेत, पण हात शांत. नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली, म्हणाले, आतडं अडलंय, लोळू देऊ नका, चालवत राहा. आम्ही तिला एमआयडीसीच्या रस्त्यावर चालवलं. सकाळी नऊपासून. कारखान्यांच्या बस बाजूनं जायच्या, आतले कामगार ओळखीनं हात करायचे, निम्म्यांच्या वराती तिनंच नेलेल्या. शेवंती एका बाजूला, मी एका बाजूला. दुपारी उत्तरा मॅडम घरातल्याच चपला घालून आल्या आणि मागून चालायला लागल्या. मी त्यांना म्हटलं, "मॅडम, तुम्ही घरी जा." त्या म्हणाल्या, "नाही जाणार."

डॉक्टरांना मी विचारलं, थंडी बाधली का हो? ते नळी धूत होते. म्हणाले, "तेरा डिग्री घोड्याला काय करणार? शून्याखाली सुद्धा कोरडा आडोसा आणि भरपूर चारा-पाणी असलं की बाहेर राहतो तो. हिला बाहेर ठेवली असती तर चालती-फिरती राहिली असती, पाणी प्यायली असती." मग माझ्याकडे बघून त्यांना वाटलं असेल की जास्त बोललो. म्हणाले, वयही झालंय. एकोणीस म्हणजे काही कमी नाही. मी हो म्हटलं.

संध्याकाळी सातच्या सुमारास ती शिरीषाखाली, तिच्या नेहमीच्या जागी गेली, आपण होऊन. तिथं बसली आणि पुन्हा उठली नाही. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मामींनी आई मेलेल्या शिंगराला बाटलीनं दूध पाजून वाढवलं, आणि माझी कंपनी बंद पडली तेव्हा तुम्ही तीच माझ्या हातात दिलीत. मामी गेल्या तेव्हा तुमच्या घरातलं काही मागितलं नाही मी, कारण त्यांच्या हातचं माझ्याकडे होतं. ते मी असं घालवलं.

तिला झाकायला एवढं मोठं कापड घरात नव्हतं. शेवटी खिडकीवरचा फ्लेक्सच काढून आणला. उलटा घातला, पण पातळ होता; विजेरीच्या उजेडात भाऊंचे जोडलेले हात आरपार दिसत होते आणि खाली 'हार्दिक शुभेच्छा' उलट्या अक्षरांत. सकाळी जेसीबी आला, हेदुटण्याच्या बाजूला एका ओळखीच्यानं शेतात जागा दिली. टॉवरच्या ग्रुपवर म्हणे त्रेसष्ट जणांनी हात जोडले. मतदानाला एवढे नव्हते.

बाकी सर्व क्षेम. शेवंतीची कंबर ठीक आहे. संचिताची परीक्षा मार्चात आहे. तब्येतीला जपा.

तुमचा,
दौलत

ता. क. १: शालन, हे पत्र आधी सगळं मनातल्या मनात वाच आणि मग ठरव, मामांना किती वाचून दाखवायचं ते. (ही सूचना वर लिहायला हवी होती, हे आत्ता लक्षात आलं. वर जागा उरलेली नाही.)

ता. क. २: शेवंतीनं पत्र वाचलं आणि म्हणाली, खरं लिहा नाहीतर मी नेणार नाही. तर खरं असं. दुसऱ्याच दिवशी उत्तरा मॅडम खोलीत डोकावल्या होत्या. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "दौलत, माझं चुकलं. या कोंडतायत. बाहेर काढा." आणि मी म्हटलं, "तुमच्या सांगण्यावर रोज आत-बाहेर करायला घोड्या म्हणजे कुंड्या आहेत का?" मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, त्यांना असं बोलून. तीन दिवस त्या रागावर मी दार लावून ठेवलं. मतदान पहिल्या दिवसाचं. बाकीचे तीन माझे.

ता. क. ३: शेवंती हे पत्र नेणार म्हणालो, ते पोस्टात नाही. साखरला घेऊन आम्ही आज सकाळीच निघालोय. आता रोज संध्याकाळी तिला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, हे मला ठरवता येत नाही. दोर हातात घेऊन नुसता उभा राहतो. तिला तुम्ही ठेवून घ्या. एवढंच मागायला हे सगळं लिहिलं. तुम्ही हे ऐकत असाल तेव्हा शेवंतीनं तिला तुमच्या अंगणात आणलं असेल. तिला पाणी दाखवा, घाटापासून प्यायलेली नाही. मी फाट्यावर टेम्पोतच बसलेला असेन. अक्षर हललंय ते रस्त्यामुळे. आत यायचा धीर होत नाही. तुम्ही बोलावलंत तर येईन, नाही बोलावलंत तर शेवंतीला तेवढं फाट्यापर्यंत सोडायला कोणाला तरी पाठवा.