क्रमांक एकशे अठ्ठावीस

चिक्कडपल्ली, हैदराबाद
९ जून २०१४

ती. इंदुआत्यास,
जयवंताचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या वधूवर मंडळाची यादी संगणकावर चढवून, छापून घरोघर पाठवली. राज्याचे दोन भाग झाल्यापासून लोक मुलाचे शिक्षण नंतर विचारतात. आधी विचारतात, सरकारी नोकर इकडे राहणार की तिकडे जाणार. तोही रकाना घातला आहे.

तू हट्ट धरलास म्हणून माझेही नाव टाकले, सर्वांत शेवटी. तिथवर कोणी वाचत नाही. मला यंदा पाहुणे नकोत. डोळ्यात औषध घालत जा.

जयवंता

नांदेड
१४ जून

चि. जयवंतास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तू हं हं करून ठेवून देतेस, म्हणून लिहिते. यादीत तुझे नाव सगळ्यांच्या वर! तोंडाने नको नको, आणि बसलीस कुठे? क्रमांकाआधी शोभेची रेघही काढलीस. फोन घेऊन घेऊन मी परेशान झाले. रविवारी कोणाला पाठवू?

इंदुआत्या

चिक्कडपल्ली
१८ जून

ती. आत्यास सा. न.

ती रेघ म्हणजे उणे चिन्ह. क्रमांकासाठी मी संगणकातला सर्वांत लहान पूर्णांक प्रकार निवडला. त्यात आठ जागा, प्रत्येकीत शून्य किंवा एक. त्यांतून होणाऱ्या दोनशे छप्पन्न आकड्यांपैकी निम्मे उण्यांसाठी राखलेले असतात, उरलेल्यांत एक शून्य, त्यामुळे अधिकची हद्द एकशे सत्तावीसला संपते. माझा क्रमांक एकशे अठ्ठावीस. हद्द ओलांडली की मोजणी उण्यांच्या टोकापासून सुरू होते, म्हणून तो उणे एकशे अठ्ठावीस झाला, आणि यादी लहान आकड्यापासून सुरू होते.

हे सर्वांना कळव. फोन थांबतील.

जयवंता

नांदेड
२३ जून

चि. जयवंतास आशीर्वाद.

कळवले. मुलगी उणे आहे म्हटल्यावर बहुतेकांनी तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला. चतुराबाईंनी विचारले, हे मंगळासारखेच का, आणि शांत कशाने होते.

तुमच्या हैदराबादेतल्याच हिमायतनगरच्या हिम्मतरावांचा प्रताप मात्र स्वतः फोनवर आला. हाही तसलाच, मला शेवटी टाका म्हणणारा. तुझ्या आधीचाच क्रमांक. रंग नाही, उंची नाही, त्याने एवढेच विचारले की मंडळाचा सभासद कधी उणे नसतो, मग उण्यांना निम्मे आकडे कशाला दिले? तुला नावे ठेवत असेल तर सांग, बघते त्याच्याकडे.

आत्या

चिक्कडपल्ली
२७ जून

ती. आत्यास सा. न.

प्रश्न बरोबर आहे. उण्यांना आकडे द्यायलाच नको होते.

प्रकार बदलून यादी पुन्हा छापली. आता मी शेवटी आहे, प्रतापच्या खाली. नव्या प्रती सर्वांना पाठवल्या. हिमायतनगरची तेवढी माझ्याकडे आहे. ती त्याने रविवारी चार वाजता येथून घेऊन जावी. आईला कळवू नकोस, ती पोहे करेल.

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवलास तर पाहुणे वाढतात.

तुझी,
जयवंता