बिळातलं पिल्लू

प्रिय आई,

शहरातली प्राध्यापकाची नोकरी घेते, असं मी तुला कबूल केलं होतं. तू माझी खोलीसुद्धा रंगवून घेतलीस. पण आज सकाळी बेटावर एका बिळात हात घातला आणि बोटाला काहीतरी कडकडून चावलं. उंदीर नव्हता गं, समुद्रपक्ष्याचं पिल्लू होतं! उंदीर अंडी फस्त करायचे, म्हणून इथे कित्येक वर्षं एकही पिल्लू जगलं नव्हतं. ते उंदीर हटवता हटवता माझी उमेदच संपली होती.

बोटवाला म्हणाला, "बाई, रडताय काय? चावलं म्हणजे धडधाकट आहे!"

आता इथून पाय निघत नाही. हे पत्र टाकणार नाही. रविवारी येऊन समोरच सांगते. तू खूप रागावशील, मग विचारशील, "त्या बेटावर जेवतेस तरी काय?" तेव्हा मी समजेन, परवानगी मिळाली.

तुझी हट्टी,
धाकटी