हायपर म्हणजे जास्त

४ जानेवारी १९५९, रविवार

नव्या वर्षाची रोजनिशी तीन दिवस उशिरा सुरू. कारण पोट. पुण्याच्या मिलिटरी ऑफिसातून रिटायर होऊन मुळशीला आल्यापासून छातीत जळजळ. काल पौडला डॉक्टर दात्यांना दाखवलं. निदान : हायपरॲसिडिटी. हायपर म्हणजे काय, विचारलं. म्हणाले, "प्रमाणापेक्षा जास्त. कमी असलं की हायपो." समाधान वाटलं. आमच्या घराण्यात कमी असं कधी काही नव्हतं.

संकल्प : चहा बंद. तिखट बंद. रागावणं बंद.

५ जानेवारी

चहा दोन वेळा झाला. थंडीच तशी होती. रागही आला, पण तो सारजामुळे. माझी पत्नी. आजारी माणसाची तिला कदर नाही. धरणावरून बोचरा वारा येतोय आणि ही दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसलेली. म्हणे, "लई उकडतंय वो." जानेवारीत! दार लावायला मलाच उठावं लागलं.

११ जानेवारी

मी दूधभातावर. समोर सारजा पिठल्याशी चौथी भाकरी मोडतेय. खाल्लेलं जातं कुठं, देव जाणे. अंगाला काही लागत नाही. चोळ्या सैल झाल्या, नव्या शिवायच्यात म्हणाली. जुन्यांनाच टाके घाल म्हटलं. या घरात एका माणसाच्या तब्येतीचं बघायचं की कपड्यांचं?

(पिठलं थोडं चाखलं. थोडंच.)

१९ जानेवारी

पुन्हा पौड. डॉक्टरांना प्रेशर बघायला लावलं. "किंचित जास्त आहे, काळजीचं काही नाही," म्हणाले. डॉक्टर लोक पेशंटला खरं सांगत नसतात. इथे लिहून ठेवतो : हायपरटेन्शन. म्हणजे दोन झाले.

मीठ बंद. गावात सर्वांना कळवलं. कोंडाजी पाटील म्हणाला, "मंग आमच्याकडं जेवायला येणार न्हाई का?" जाणार आहे. तिथलं मीठ घरच्यासारखं नसतं.

२३ जानेवारी, दुपार

रहिमतबी कासारीण आली होती. सारजाला बांगड्या भरून झाल्यावर ओट्यावर माझ्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, बाईचा हात लई वाळलाय. न्हेमीची बांगडी पार कोपरापातुर जातीया. आन् गळा बघितला का? सूज हाय."

मी म्हटलं, बायकांना दागिना नसला की गळा असाच दिसतो. मग तिला माझ्या प्रेशरबद्दल सविस्तर सांगितलं. पुरतं न ऐकताच टोपली उचलून गेली. अडाणीपणा.

२ फेब्रुवारी

सारजाने चहाची बशी माझ्या धोतरावर सांडली. हात थरथरला म्हणाली. मी एवढा दचकलो की छाती धडधडायला लागली. हायपर-धडधड. (शास्त्रीय नाव दात्यांना विचारणे.) तसं तिला सांगितलं, तर म्हणते, "माज्या बी छातीत रोज धडधडतंया." माझे आजारसुद्धा ही उचलायला लागली!

रागावलो. ती रडली. हल्ली बारीकसारीक गोष्टीला रडते. पूर्वी रडत नसे. माझ्या मनाला काही झालं नाही. मन घट्ट आहे, एवढं एक बरं.

९ फेब्रुवारी

निश्चय झाला. दात्यांना माझी केस झेपत नाही. पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. सारजाला बरोबर घ्यावं लागेल. माझा पथ्याचा डबा धरायला कुणीतरी हवं. रहिमतबीही येते म्हणाली, तिला पुण्यातून माल आणायचाय.

१७ फेब्रुवारी, पुणे. रात्री, धर्मशाळेत

सकाळच्या एस.टी.ने आलो. घाटवळणाला सारजाला धाप लागली. बसल्या बसल्या.

दवाखान्यात मी खुर्चीत बसून माझी हकीकत सुरू केली. डॉक्टर माझ्याकडे बघतच नव्हते. मागे उभ्या सारजाकडे बघत होते. मला ते प्रशस्त वाटलं नाही. मग म्हणाले, "बाई, जरा पुढे या." तिला पाणी प्यायला लावलं आणि गळा न्याहाळला. हात पुढे धरायला लावले. बोटं थरथरत होती. नाडी बराच वेळ धरली.

मग मला विचारलं, "हे कधीपासून?"

मी रहिमतबीकडे बघितलं.

रहिमतबी दारातून म्हणाली, "दिवाळीपासनं, साहेब. आदुगर भरल्या अंगाची व्हती."

डॉक्टर म्हणाले, "हायपरथायरॉइडिझम. गळ्यातली ग्रंथी नको तेवढं काम करतेय. हृदयावर ताण आलाय. आजच ॲडमिट करा."

हायपर? सारजाला? नीट तपासलंत ना, असं विचारून घेतलं. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. चिठ्ठी लिहिली. लिहून झाल्यावर म्हणाले, "आणि तुमचं काय म्हणत होता?"

मी म्हटलं, ॲसिडिटी.

"सोडा घ्या."

१९ फेब्रुवारी, मुळशी

घरी. आधी औषधं, आयोडीनचे थेंब, मग ऑपरेशन. तोवर ती तिथे. रहिमतबीची बहीण पुण्यात असते, ती डबा देणार आहे. मी नियमित जाण्याचा संकल्प केला आहे.

भात लावला. करपला. खाल्ला.

२ मार्च

अजून जाणं झालं नाही. जायचं म्हणून दोनदा धोतर बदललं. मग ओट्यावरच बसलो. कोंडाजी येऊन बसला. "वैनी कशी हाय?" म्हणाला. बरी असेल, म्हटलं. त्याने काठी उचलली. मग उठून गेला. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१२ मार्च, पुणे

ऑपरेशन सकाळी. हृदयामुळे धोका आहे म्हणून माझी सही घेतली. सही करताना हात हलला नाही. प्रकृती सुधारल्याचं लक्षण समजावं.

आत नेताना सारजा माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलायला हवं होतं. "सावकाश," म्हणालो. तिला उचलून नेत होते, त्यांना म्हटल्यासारखं झालं.

१३ मार्च

वाचली. गळ्याला मोठं बँडेज. डॉक्टर म्हणाले, आता सुधारेल, पण वेळ लागेल. दोन महिने आधी आणायला हवी होती, असंही म्हणाले. मी हो म्हटलं.

शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीने विचारलं, "तुमी कोण बाईंचे?" नवरा, म्हटलं. "म्हैनाभर दिसला न्हाई, म्हनून इच्यारलं," म्हणाली.

दुपारी सारजाने डोळे उघडले. आवाज बसलाय. कान जवळ नेला तेव्हा ऐकू आलं.

"जेवला का?"

व्हय, म्हणालो.

तिने डोळे मिटले. मी स्टुलावर बसून होतो. नर्सने वेळ संपल्याचं सांगितलं, तेव्हा उठलो.

कालपासून काही खाल्लेलं नाही. भूक का लागत नाही, ते डॉक्टरांना विचारलं नाही.